जन्मजात शिराविकृतीवरील अल्पछेदी उपचारांचा इतिहास : क्लिपेल–ट्रेनोने विकार आणि खर्डी परिसर

प्रस्तावना

एकाच पायावर जन्मापासून असलेला तांबडा-जांभळा डाग, त्याच पायाच्या बाहेरच्या अंगाने वयाबरोबर फुगत जाणाऱ्या वेड्यावाकड्या शिरा आणि दुसऱ्या पायापेक्षा जाड किंवा लांब होत जाणारे तेच अवयव, ही तीन लक्षणे ज्या विकारात एकत्र आढळतात त्यास वैद्यकशास्त्रात क्लिपेल–ट्रेनोने विकार असे म्हणतात. हा विकार अत्यंत विरळ आहे. त्यामुळे सर्वसामान्य जनतेसच नव्हे, तर पुष्कळशा पदवीधर डॉक्टरांनाही तो आयुष्यात एखाद्या वेळीच पाहावयास मिळतो.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पट्ट्यात, म्हणजे शहापूर तालुक्यातील खर्डी, कसारा, डोळखांब किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यातील टोकावडे या परिसरात असे मूल जन्मास आले, तर त्या तीन लक्षणांचे तीन निरनिराळे अर्थ लावले जाण्याचा संभव अधिक. डागास 'लासे' म्हणून सोडून दिले जाते, किंवा गर्भवतीने ग्रहण पाळले नाही म्हणून मुलास डाग आला, असा दोष आईच्या माथी येतो. पाय जाड दिसला की हत्तीरोगाची शंका घेतली जाते. फुगलेल्या शिरा तर शेतात, वीटभट्टीवर, हॉटेलात तासन् तास उभे राहणाऱ्या कोणाच्याही पायावर दिसतात. त्यांचे नवल वाटत नाही. तिन्ही गोष्टी एकाच मुळाच्या आहेत हे लक्षात न आल्यामुळे रोग डोळ्यांसमोर असूनही ओळखला जात नाही. यात ग्रामीण अज्ञानाचाच भाग आहे असे समजण्याचे कारण नाही. युरोपातील नामांकित रुग्णालयांतही 1900 सालापर्यंत बहुतांशी हीच अवस्था होती.

प्रस्तुत लेखात या विकारातील पायाच्या शिरांवरील उपचार कोणत्या मार्गाने मोठ्या छेदापासून सुईच्या छिद्रापर्यंत आले, याचा मागोवा घेतला आहे. हा इतिहास सामान्यतः उपकरणांच्या प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. वास्तविक पाहता त्यातील निर्णायक प्रश्न वेगळा होता : कोणती शीर बंद करावी आणि कोणतीला हात लावू नये?

वेध्य आणि अवेध्य

हा प्रश्न भारतीय परंपरेस अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील सातव्या अध्यायात शरीरातील सिरांची संख्या 700 मानली असून त्यांपैकी 98 सिरा 'अवेध्य' म्हणजे शस्त्राने न वेधण्याजोग्या सांगितल्या आहेत. हातापायांतील 400 सिरांपैकी अशा अवेध्य सिरा 16, म्हणजे प्रत्येक अवयवात चार. त्या वेधल्यास व्यंग किंवा मृत्यू ओढवतो, असा इशारा तेथे आहे. लगेच पुढील अध्यायात सिरावेधाचा विधी येतो. आधी निषेध आणि मग विधी हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात 'सिराज ग्रंथी' वर्णिली आहे. दुर्बळ मनुष्याने अतिश्रम केल्यास वायू सिरांचे जाळे आकुंचित करून उंचवट्याची गाठ उत्पन्न करतो. ती दुखरी व हलणारी असेल तर कष्टसाध्य, आणि न दुखणारी, स्थिर, मोठी व मर्मस्थानी असेल तर सोडून द्यावी, असे सुश्रुताचे मत. काही आधुनिक अभ्यासक या ग्रंथीचा संबंध पायावरील फुगलेल्या शिरांशी जोडतात. दोहोंत साम्य आहे हे खरे. परंतु त्यावरून आजच्या रोगनावांशी तंतोतंत समीकरण मांडणे धाडसाचे होईल. जन्मजात विकाराचे वर्णन तर त्यात शोधूच नये.

पाश्चात्त्य परंपरेत रोमन सेनानी मारियस याची कथा प्लुटार्कने दिली आहे. दोन्ही पायांवरील शिरा फुगलेल्या असताना त्याने स्वतःस बांधून न घेता एका पायाची शस्त्रक्रिया सहन केली आणि दुसरा पाय मात्र वैद्यापुढे करण्याचे नाकारले. इतक्या वेदनांच्या मोबदल्यात मिळणारा गुण त्यास पुरेसा वाटला नाही. शिरांवरील शस्त्रक्रियेचा हिशेब रुग्णाच्या बाजूने मांडणारा हा बहुधा सर्वात जुना प्रसंग असावा.

तीन लक्षणांचे एक नाव

शिरांतून रक्त हृदयाकडेच का वाहते, याचा उलगडा होण्यास सतरावे शतक उजाडावे लागले. पादुआ येथील फाब्रिसियस याने 1603 मध्ये शिरांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने 1628 मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. उभ्या माणसाच्या पायातील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या दाबामुळे, आणि ते मागे येत नाही ते झडपांमुळे. झडप निकामी झाली किंवा मुळातच नसली की रक्त साचते व शीर फुगते. पायात शिरांच्या दोन व्यवस्था असतात. त्वचेलगतच्या वरवरच्या शिरा ही एक आणि स्नायूंमधून जाणाऱ्या खोल शिरा ही दुसरी. पायातील बहुतेक रक्त खोल शिरांतून परत जाते. पुढील सर्व इतिहास समजण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

पॅरिसमधील मॉरिस क्लिपेल व पॉल ट्रेनोने या दोन वैद्यांनी 1900 साली डाग, फुगलेल्या शिरा व हाडांसह वाढलेला अवयव या तिन्हींची एकत्र नोंद करून तो एकच विकार असल्याचे मांडले. अशा रुग्णांची सुटी वर्णने त्यापूर्वीही छापली गेली होती. या दोघांचे श्रेय एकत्र पाहण्यात आहे.

पुढे नावाच्या बाबतीत मोठा घोटाळा झाला. लंडनचे फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी 1907 व 1918 मध्ये अवयव वाढलेल्या आणखी काही रुग्णांची वर्णने दिली. त्यांपैकी काहींमध्ये धमनीतील रक्त परस्पर शिरेत शिरत होते. हा विकार मूलतः निराळा. तरीही तिन्ही नावे जोडून 'क्लिपेल–ट्रेनोने–वेबर' असा उल्लेख पुढे अनेक दशके चालू राहिला. हा केवळ नावाचा वाद नव्हे. शिरेत धमनीचा जोर उतरत असेल, तर ती शीर बंद करून मूळ दोष जात नाही, उलट रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून हाताला ठोके लागणारा, स्पर्शाला अधिक उष्ण असा पाय वेगळा काढणे ही उपचाराची पहिली पायरी ठरते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 1998 मध्ये 252 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डाग 98 टक्के रुग्णांत, शिरांची विकृती 72 टक्क्यांत व अवयवाची वाढ 67 टक्क्यांत आढळली. तिन्ही लक्षणे मात्र 63 टक्के रुग्णांतच एकत्र होती. म्हणजे तिघांची वाट पाहत बसणाऱ्या डॉक्टरच्या हातून तीनांतील एकाहून अधिक रुग्ण निसटू शकतो.

ओढून काढण्याचा काळ आणि थांबण्याचा सल्ला

एकोणिसाव्या शतकात भूल आणि निर्जंतुकीकरण ही दोन साधने हाती आल्यानंतर फुगलेल्या शिरांवरील शस्त्रक्रियेस वेग आला. जर्मनीत फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1890 च्या सुमारास मांडीतील मोठी वरवरची शीर बांधण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत केलर (1905), चार्ल्स मेयो (1906) व बॅबकॉक (1907) यांनी संपूर्ण शीर तारेच्या साहाय्याने ओढून काढण्याची निरनिराळी उपकरणे वापरात आणली. ही पद्धत विसाव्या शतकात जगभर रूढ झाली. सामान्य रुग्णाच्या बाबतीत ती तर्कशुद्धच होती. वरवरची नादुरुस्त शीर काढली तरी खोल शिरा रक्त वाहून नेण्यास समर्थ असतात.

जन्मजात विकारात नेमके हेच गृहीत धरता येत नाही. गर्भावस्थेत पायाच्या बाहेरच्या कडेने एक शीर असते आणि पुढे ती नाहीशी होणे अपेक्षित असते. या विकारात ती टिकून राहते. तिला झडपा नसतात, भिंत दुबळी असते, आणि ती घोट्यापासून मांडीपर्यंत, कधी नितंबापर्यंत जाते. दुसरीकडे काही रुग्णांत खोल शिरा अरुंद असतात, क्वचित एखाद्या भागात त्या तयारच झालेल्या नसतात. अशा पायातील कुरूप दिसणारी बाहेरची शीर हीच रक्ताची परतीची वाट असू शकते. ती ओढून काढली तर पाय बरा होण्याऐवजी अधिक सुजतो, दुखतो, जखमा चिघळतात.

अमेरिकन शल्यविशारद मार्टिन लिंडेनॉवर यांनी 1965 मध्ये हा धोका स्पष्टपणे मांडला. खोल शिरा सदोष असल्याने वरवरच्या शिरा काढू नयेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. 'पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, शस्त्रक्रिया नको' हा सल्ला पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. अनेक रुग्णांचे पाय त्या सल्ल्याने वाचले असतील यात शंका नाही. परंतु सावधगिरीचे रूपांतर पुढे सरसकट नकारात झाले, हेही नमूद केले पाहिजे.

या नकारामागे तपासणीची एक मर्यादा होती. त्या काळी शिरांचे चित्र मिळवण्यासाठी पावलाच्या शिरेत क्ष-किरणांत दिसणारे औषध टोचत. औषध सोप्या वाटेने जाते. बाहेरची शीर बोटाएवढी रुंद असेल तर सगळे औषध तिच्यातूनच वर जाई आणि खोल शिरा चित्रात उमटतच नसत. घोट्याजवळ दाबपट्टी बांधून बाहेरची वाट अडवली तरच त्या दिसत. न उमटलेली शीर आणि नसलेली शीर यांतील फरक अशा चित्रांत सहज हरवत असे. पुढील काळातील तपासण्यांवरून असे दिसून आले की, खोल शिरा पूर्णपणे नसण्याचे प्रमाण पूर्वी वाटे त्यापेक्षा बरेच कमी आहे.

फ्रान्समधील सर्व्हेल यांनी 1985 मध्ये शस्त्रक्रिया केलेल्या 768 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. खोल शिरांवर तंतुमय पट्ट्यांचा दाब पडल्याने हा विकार होतो, हा त्यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही. बाहेरच्या त्या गर्भकालीन शिरेस मात्र त्यांचे नाव चिकटले. मेयो क्लिनिकमध्ये पीटर ग्लोविक्झ्की व सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून निवडक रुग्णांवर, खोल शिरा कार्यक्षम असल्याची खात्री करून, शस्त्रक्रिया केल्या व त्यांचा लाभ होतो असे दाखवले. 'हात लावू नका' या सल्ल्याची जागा 'आधी पाहा' या सल्ल्याने घेतली. या इतिहासातील खरे वळण येथे आहे. लेझर त्यानंतर आला.

सुईच्या छिद्रातून

पाहण्याचे साधन होते ध्वनिलहरींचे. रक्तप्रवाहाची दिशा व वेग दाखवणारी रंगीत डॉप्लर सोनोग्राफी 1980 च्या दशकात प्रचारात आली. सुई न टोचता, रुग्णास उभे करून, कोणत्या शिरेत रक्त उलटे येते आणि खोल शीर कितपत मोकळी आहे हे पाहता येऊ लागले. एमआरआयने स्नायूंच्या आत पसरलेल्या विकृतीचा नकाशा मिळू लागला. याखेरीज एक साधी जुनी चाचणी आजही उपयोगी पडते. पायास घट्ट लवचिक पट्टी बांधून वरवरच्या शिरा दाबून ठेवायच्या आणि रुग्णास चालावयास लावायचे. पाय हलका वाटला तर खोल वाट मोकळी आहे असे समजावयास आधार मिळतो. वेदना व सूज वाढली तर थांबावे.

लेझरचा उपचार तत्त्वतः सोपा आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत शिरेत सुई घालतात, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी आणि नळीतून प्रकाशतंतू. 1953 मध्ये स्वीडनचे सेल्डिंगर यांनी धमनीत शिरण्यासाठी सुई-तार-नळी ही जी युक्ती काढली तीच येथे कामास येते. तंतू सावकाश मागे ओढताना त्याच्या उष्णतेने शिरेची भिंत आक्रसते आणि कालांतराने शिरेची दोरी होते. स्पेनमधील कार्लोस बोने यांनी 1999 च्या सुमारास याची पहिली माहिती दिली व 2001 मध्ये नावारो, मिन व बोने यांचा लेख प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत वेगाने पसरली. त्याच सुमारास रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणारे उपकरणही बाजारात आले.

शिरेभोवती मोठ्या प्रमाणात टोचले जाणारे सलाईन व बधिरता आणणाऱ्या औषधाचे पातळ मिश्रण, हा या पद्धतीचा कमी बोलला जाणारा परंतु महत्त्वाचा भाग होय. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाईन यांनी 1980 च्या दशकात ते मेद काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी विकसित केले. त्याने भाग बधिर होतो, शीर तंतूवर दाबली जाते आणि त्वचा व मज्जातंतू उष्णतेपासून दूर ढकलले जातात. जन्मजात विकारातील बाहेरची शीर त्वचेच्या अगदी लगत असते, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास पाऊल उचलणारा मज्जातंतू हाडावरून वळतो. तेथे चूक झाली तर पाऊल लोंबकळते. साध्या फुगलेल्या शिरांवर सराव झालेल्या हातानेही येथे नव्याने शिकावे लागते, ते यामुळे.

ज्या शिरा वेड्यावाकड्या असतात, तार पुढे सरकत नाही, तेथे फेसाचा उपाय आहे. शिरेच्या आतील अस्तर जाळणारे औषध हवेशी घुसळून त्याचा साबणासारखा फेस टोचतात. फेस रक्तास बाजूला सारतो, त्यामुळे थोड्या औषधात काम होते. स्पेनमधील कॅब्रेरा यांनी 1990 च्या दशकात सूक्ष्म फेस वापरण्यास सुरुवात केली आणि जन्मजात शिराविकृतींसाठीही त्याचा उपयोग केला. इटलीच्या तेस्सारी यांनी 2000 मध्ये दोन सिरिंज व तीन तोंडांची तोटी एवढ्या सामग्रीत फेस तयार करण्याची रीत सांगितली. लेझरचे यंत्र लाखो रुपयांचे; ही तोटी तर कोणत्याही रुग्णालयात सलाईनसाठी वापरात असते. खर्चाच्या दृष्टीने पाहता ग्रामीण भारतास तेस्सारींची तोटी लेझरइतकीच मोलाची मानावी लागेल.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत साध्या फुगलेल्या शिरांसाठी प्रथम उष्णतेचा उपचार, तो शक्य नसल्यास फेस आणि त्यानंतर शस्त्रक्रिया असा क्रम लावला. जन्मजात विकारात असा सरसकट क्रम नाही. तेथे एकाच पायावर लेझर, फेस व लहान छेद यांचा मिलाफ, तोही टप्प्याटप्प्याने, करावा लागतो. रुंद शिरेत साचलेल्या रक्ताची गाठ फुफ्फुसापर्यंत जाण्याचा धोका उपचारापूर्वीही असतो व उपचारानंतरही. याच कारणास्तव काही तज्ज्ञ बाहेरची शीर बालवयातच, फार रुंद होण्यापूर्वी बंद करावी असे सुचवतात. डाग त्यामुळे जात नाही, लांब झालेला पाय आखूड होत नाही आणि नव्या शिरा फुगू शकतात. वेदना, रक्तस्राव, जखमा व गाठींचा धोका कमी करणे एवढेच या उपचारांचे उद्दिष्ट असते आणि ते रुग्णास आधीच सांगणे आवश्यक आहे.

विकाराच्या कारणावर 2012 ते 2015 या काळात प्रकाश पडला. बहुसंख्य रुग्णांच्या बाधित भागातील पेशींत 'पीआयके3सीए' या जनुकात बदल आढळतो. हा बदल गर्भधारणेनंतर, गर्भ वाढत असताना, काही पेशींतच घडतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि सामान्यतः पुढील अपत्यास होत नाही. याच जनुकाच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या अल्पेलिसिब या औषधास अमेरिकेत 2022 मध्ये अशा अतिवाढीच्या विकारांसाठी मान्यता मिळाली. ग्रहणाचा दोष ज्या आईवर ठेवला गेला असेल तिच्या दृष्टीने या संशोधनातील पहिला निष्कर्ष औषधापेक्षाही मोठा आहे.

खर्डीपासूनचे अंतर

कल्याणच्या पुढे वासिंदपर्यंत 1855 मध्ये आलेला लोहमार्ग 1861 मध्ये कसाऱ्यास पोहोचला आणि खर्डी मुंबईशी जोडली गेली. त्या वेळी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन (1845) पंधरा-सोळा वर्षे झाली होती. आजही खर्डीच्या रुग्णास रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञापर्यंत नेणारी वाट मुख्यतः तीच आहे. कसारा लोकलने ठाणे, किंवा पुढे शीव, परळ, भायखळा. अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. पण एका तपासणीस एक दिवस आणि एक मजुरी जाते, शिवाय सोबतच्या माणसाची दुसरी. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेपेक्षा सुईचा उपचार रुग्णास लवकर घरी पाठवतो हे खरे. मात्र टप्प्याटप्प्याच्या उपचारास फेऱ्या अधिक लागतात, आणि हा भार शहरातील पुस्तकांत मोजलेला नसतो.

पट्टी व दाबमोजे यांचेही तसेच. उपचार घेवो वा न घेवो, हे मोजे रुग्णास वर्षानुवर्षे वापरावे लागतात. भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्याने ते कसे वापरावे? घट्ट लवचिक कापड ओले राहिले की त्वचा भिजते, कातडी फुटते आणि जखमेस वाट मिळते. 'शस्त्रक्रिया नको, मोजे वापरा' हा सल्ला थंड हवेच्या देशात जितका निरुपद्रवी, तितका तो कोकणपट्टीच्या पावसाळ्यात नाही. म्हणून येथील रुग्णाच्या बाबतीत शीर बंद करण्याचा विचार केवळ सौंदर्याचा मानता येणार नाही.

सोनोग्राफीचा प्रश्न आणखी निराळा आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला व 1994 मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्यानुसार सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी बंधनकारक असून यंत्र मनास येईल तेथे नेता येत नाही. कायद्याची आवश्यकता निर्विवाद आहे. त्याचा एक परिणाम असा की, पायाच्या शिरा पाहण्यासाठीही यंत्र गावात येऊ शकत नाही. पायासच यंत्राकडे जावे लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. तपासावयाच्या विकारांच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत : मज्जानलिकेचा दोष, डाऊन विकार, दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडे पाऊल, खुब्याचा दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयविकार आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील दृष्टिपटलाचा विकार. रक्तवाहिन्यांच्या विकृतीस या यादीत स्वतंत्र स्थान नाही. विरळ रोगास यादीत जागा न मिळणे समजण्यासारखे आहे. परंतु यादी घेऊन पाहणाऱ्या नजरेस यादीबाहेरचे दिसत नाही, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. त्यातच दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जाणारी कातकरी मुले पावसाळ्यापर्यंत अंगणवाडीतच नसतात.

ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. मूल उभे करून दोन्ही पाय मागून व बाहेरच्या बाजूने उजेडात पाहावेत; डाग असलेल्या बाजूची पोटरी व मांडी दुसऱ्या पायाशी पट्टीने मोजून ताडून पाहावी; हाताला ठोके लागतात का, ते पाहावे. डाग दाबल्यावर फिका होतो का आणि शीर पाय उंच केल्यावर रिकामी होते का, हेही टिपून ठेवावे. तेवढी नोंद चिठ्ठीवर घेऊन रुग्ण लोकलमध्ये बसला, तर पुढच्या डॉक्टरास हत्तीरोगापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि डॉप्लर होण्यापूर्वी कोणी शीर ओढून काढण्याची तारीखही देत नाही.